पोटातल्या गळवात पिगटेल नळी: टाकण्यापासून काढेपर्यंत

पोटात पू साठला की पूर्वी बहुतेक वेळा पोट उघडावं लागे. आता त्यातल्या बऱ्याच रुग्णांचं काम सोनोग्राफी किंवा सीटी पाहत त्वचेतून सरकवलेल्या तीन-चार मिलिमीटर जाडीच्या नळीवर भागतं. तीच पिगटेल नळी: आत गेल्यावर तिच्या टोकाचं डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं होतं. हा मजकूर रेडिओलॉजी आणि सर्जरीच्या निवासी डॉक्टरांसाठी आहे, आणि वॉर्डात नळी सांभाळणाऱ्या नर्सिंग स्टाफसाठीही. शेजारी अनुभवी माणूस उभा असतानाच हे शिकायचं, हे गृहीत धरलं आहे.

सुई टोचणं हा यातला सोपा भाग. बिघडतं ते बहुधा त्याच्या आधी, कशात आणि कुठून शिरायचं हे ठरवताना. नाहीतर नंतर, नळीकडे कुणाचं लक्ष नसतं तेव्हा. म्हणून इथे त्या दोन्ही टोकांना जास्त जागा दिली आहे.

मुळात नळी टाकायची का?

तीन सेंटिमीटरपेक्षा लहान गळू बहुधा प्रतिजैविकांवरच आटतं. शिवाय तेवढ्या जागेत पिगटेलचं वेटोळं नीट उघडतही नाही. तिथे फार तर सुईने पू ओढून कल्चरला (जंतू ओळखण्याच्या तपासणीला) पाठवावा. तीन ते पाच सेंटिमीटर असेल तर रुग्णाकडे पाहून ठरवायचं: ताप उतरत नाही, पांढऱ्या पेशी चढत्या आहेत, तर नळी. पाचच्या वर असेल, आतला पू पातळ झालेला असेल आणि पोहोचायला सुरक्षित वाट असेल, तर सहसा वाद राहत नाही. पातळ झालेला असणं महत्त्वाचं. नुसती सुजलेली, घट्ट, अजून पू न धरलेली गाठ असेल तर कितीही जाड नळी टाका, काही येणार नाही.

यकृतातलं अमिबिक गळू वेगळं. ते मेट्रोनिडाझोलवर बरं होतं. नुसतं मोठं दिसतं म्हणून सुई घेऊन धावायचं नसतं. गळू डाव्या खंडात आहे आणि हृदयाच्या आवरणात फुटण्याची भीती आहे, कडेला यकृताचा थर कागदासारखा पातळ उरला आहे, किंवा चार-पाच दिवस औषध देऊनही ताप आणि दुखणं हटत नाही, अशा वेळी नळीचा विचार करावा.

पुढचा प्रश्न जास्त गंभीर: जे दिसतंय ते खरंच गळू आहे का? सोनोग्राफीवर काळसर, गोल, आत थोडी कणी, एवढ्यावरून ठरवू नका. प्रत्येक कलेक्शनवर (साठलेल्या द्रवावर) सुई घालण्याआधी कलर डॉपलर (वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोनोग्राफी) लावायचाच. स्वादुपिंडाच्या सुजेनंतर किंवा ऑपरेशननंतर तयार झालेला स्यूडोॲन्युरिझम (धमनीची भिंत फाटून बनलेला रक्ताचा फुगा) साध्या ग्रे-स्केल सोनोग्राफीवर अगदी निरुपद्रवी सिस्टसारखा दिसतो. त्यात सुई गेली तर रुग्ण टेबलावरच कोसळू शकतो. डॉपलरला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि तरीही घाईत हीच पायरी गाळली जाते.

दुसरा फसवा म्हणजे हायडॅटिड सिस्ट, जंतामुळे होणारी पाण्याची गाठ. आत पातळ पडदे तरंगताना दिसणं, आत लहान लहान सिस्ट असणं, दुहेरी भिंत, यातलं काही दिसलं की हात थांबवा. त्यातला द्रव पोटात सांडला तर ॲनाफायलॅक्सिसचा (जीवघेण्या ॲलर्जीचा) धोका असतो, शिवाय जंत पोटभर पसरू शकतात. त्याचे उपचार वेगळ्या तयारीने, अल्बेंडाझोल सुरू करूनच करतात. तिसरा फसवा द्रवाने भरलेला आतड्याचा वेढा. सोनोग्राफीचा प्रोब ठेवून एक मिनिट शांत बघा. हालचाल दिसली, आतला द्रव पुढे सरकला, तर ते आतडं आहे. ऑपरेशननंतर आतडं सुस्त असतं तेव्हा ही खूणही दगा देते. शंका असेल तर तोंडातून कॉन्ट्रास्ट देऊन सीटी करा. आणि चौथा, मधोमध सडलेला ट्यूमर: त्यात टाकलेली नळी महिनोन्‌महिने काढता येत नाही. हे रुग्णाला आणि सर्जनला नळी टाकण्याआधी माहीत हवं.

वाट ठरवणं

सर्वात जवळची वाट सर्वात चांगली असतेच असं नाही. वाटेत आतडं, मोठी रक्तवाहिनी, प्लीहा किंवा प्लुरा (फुप्फुसाचं आवरण) नको. हे जमत असेल तर दोन सेंटिमीटर लांबचा रस्ता पत्करावा.

पोटाच्या पुढच्या भिंतीतून शिरताना रेक्टस स्नायूच्या मागून वर चढणारी इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक धमनी डॉपलरवर शोधा आणि स्नायूच्या बाहेरच्या कडेपलीकडून जा. ही धमनी फाटली तर पोटाच्या भिंतीत लिटरभर रक्त साठू शकतं, आणि बाहेर थेंबही दिसत नाही.

डायफ्रॅमच्या (छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या) खालच्या गळवाला बरगड्यांच्या खालून, वरच्या दिशेने तिरकस जाता आलं तर उत्तम. प्लुरा आपल्या अंदाजापेक्षा खाली उतरतो: मध्य-काखरेषेत दहाव्या बरगडीपर्यंत, पाठीत मणक्याशेजारी बाराव्यापर्यंत. त्याच्यातून नळी गेली की पोटातला पू छातीत. बरगड्यांमधून जाण्यावाचून पर्यायच नसेल तर खालच्या बरगडीच्या वरच्या काठाला चिकटून जा. नस, धमनी आणि शीर प्रत्येक बरगडीच्या खालच्या काठालगत धावतात.

यकृतातल्या गळवात थेट पृष्ठभागावरून न शिरता थोड्या निरोगी यकृतातून जावं. तो थर नळीभोवती घट्ट बसतो आणि पू पोटाच्या पोकळीत गळत नाही. ओटीपोटातलं खोल गळू पुढून दिसतं पण आतड्यांनी झाकलेलं असतं; तिथे रुग्णाला पालथं झोपवून सीटीखाली नितंबातून जातात. सेक्रमच्या (पाठीच्या कण्याच्या तळाच्या हाडाच्या) शक्य तितकं जवळून आणि पायरिफॉर्मिस स्नायूच्या खालून गेलं तर सायॅटिक नस आणि ग्लुटिअल वाहिन्या वाचतात. स्नायूतूनच गेलं तर नळी असेपर्यंत रुग्णाला बसवत नाही, अशी तक्रार ठरलेली.

सोनोग्राफी की सीटी? दिसत असेल तर सोनोग्राफी. सुई प्रत्येक क्षणी हलताना दिसते, किरणोत्सर्ग नाही, आणि आयसीयूत खाटेवरही करता येतं. मध्ये वायू किंवा हाड असेल, गळू खोल असेल, आतड्याच्या वेढ्यांच्या मधलं असेल तर सीटी. सीटीखाली करताना श्वासाचा सराव आधी करून घ्या: दर वेळी हलका श्वास सोडून थांबायचं, खोल श्वास घेऊन नाही. खोल श्वास प्रत्येक वेळी वेगळा असतो, त्यामुळे यकृत दर स्कॅनला वेगळ्या उंचीवर सापडतं. आणि सुईचं टोक दिसलं असं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा टोकापुढे काळी सावली दिसते. सावली नसेल तर तुम्ही सुईच्या मधल्याच भागाचा छेद पाहत आहात.

रक्त, औषधं, संमती

सोसायटी ऑफ इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत पोटातल्या खोल गळवाचा निचरा जास्त रक्तस्रावाच्या गटात मोडतो. त्यासाठी आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.५ ते १.८ च्या आत आणि प्लेटलेट ५०,००० च्या वर असाव्यात. वॉरफरीन आणि क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन तीन ते पाच दिवस. प्रतिबंधक मात्रेतलं लो-मॉलिक्युलर हेपॅरिन असेल तर एक डोस गाळतात. पण हे आकडे सावकाश ठरवून केलेल्या कामासाठी आहेत. रुग्ण सेप्सिसमध्ये बुडत असताना क्लोपिडोग्रेलचे पाच दिवस मोजत बसणं हा शहाणपणा नाही. तिथे धोका मोजून, लिहून, प्लेटलेट किंवा प्लाझ्मा हाताशी ठेवून पुढे जावं लागतं. जुनाट यकृतविकारात आयएनआर रक्तस्रावाचा खरा अंदाज देत नाही, म्हणून तिथे मर्यादा सैल ठेवतात. आधीच असलेली नळी बदलायची असेल तर ते कमी धोक्याचं काम, इतकी कडक अट नाही.

हृदयविकारासाठी बसवलेला स्टेंट ताजा असेल तर क्लोपिडोग्रेल स्वतःच्या निर्णयाने थांबवू नका. हृदयतज्ज्ञांशी बोलून, उत्तर कागदावर घ्या.

प्रतिजैविकं सुई टोचण्याआधी सुरू झालेली हवीत. "कल्चर बिघडेल म्हणून नंतर देऊ" हा युक्तिवाद इथे चालत नाही. भरलेल्या गळवात हात घातला की जंतू रक्तात उतरतात, आणि पुवात जंतूंची संख्या इतकी असते की एखाद्या डोसने कल्चर सहसा मरत नाही.

घन आहार सहा तास, साधं पाणी दोन तास बंद. चालू असलेली सलाईनची शीर, शक्यतो जाड कॅन्युला. संमतीपत्रात रक्तस्राव, आतड्याला इजा, सेप्सिस, नळी निसटणं किंवा बुजणं आणि पुन्हा प्रक्रिया लागणं, हे पाच मुद्दे नावाने लिहावेत. नळी काही दिवस, कधी काही आठवडे अंगावर राहील हेही आधीच सांगावं. बहुतेक नाराजी तिथून सुरू होते.

ट्रॉलीवर काय हवं

१८ गेजची सुई, म्हणजे तिच्यातून ०.०३५ इंची वायर जाते. वाट अरुंद किंवा धोक्याची असेल तर २१ गेजची सुई, ०.०१८ ची वायर आणि ती वाढवून ०.०३५ वर नेणारा संच. टोकाला जे-आकाराची वळी असलेली ताठ वायर. ६, ८, १०, १२ फ्रेंचचे डायलेटर (वाट रुंद करणाऱ्या ताठ नळ्या). पिगटेल नळी (तिच्या आत वेटोळं आवळून धरणारी दोरी असते), तिला सरळ ठेवणारा ताठ, पोकळ कणा आणि आतला टोकदार स्टायलेट. ११ नंबरचं ब्लेड, आर्टरी फोरसेप, लिग्नोकेन, निर्जंतुक जेल आणि प्रोबचं कव्हर, थ्री-वे (तीन तोंडांची तोटी), जोडनळी, पिशवी, टाक्यासाठी २-० सिल्क.

फ्रेंच म्हणजे मिलिमीटरच्या तीनपट: १२ फ्रेंचची नळी ४ मिलिमीटर जाड. पातळ द्रवाला ८ पुरते, साध्या पुवाला १०, दाट किंवा चिकट असेल तर १२ ते १४. पहिल्यांदा एक माप लहान घेण्याचा मोह होतो. दोन दिवसांत नळी बुजते आणि रुग्णाला दुसऱ्यांदा टेबलावर घ्यावं लागतं.

सुरू करण्याआधी नळी संचातून काढून एकदा कणा आत-बाहेर करून पाहा, वायर नळीच्या टोकातून मोकळी जाते का पाहा, दोरी ओढून वेटोळं बनतं का आणि लॉक बसतं का पाहा. निम्मी घोळाची कामं टाळायची असतील तर एवढं पुरतं.

प्रत्यक्ष काम

१९५३ साली स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी धमनीसाठी सुई, वायर आणि वायरवरून नळी ही पद्धत मांडली. गळवासाठीही तीच चालते. वायर आत बसली की जागा आपली. म्हणून वायर कधीही सोडायची नाही. हे सुरुवातीलाच हातात भिनलं पाहिजे.

रुग्णाचं नाव, बाजू, ॲलर्जी आणि रक्ताचे आकडे सगळ्यांनी मोठ्याने एकदा म्हणा. मग प्रोब ठेवून, रुग्ण ज्या स्थितीत राहणार त्याच स्थितीत वाट पुन्हा तपासा, कारण कुशीवर वळताच आतडं जागा बदलतं. त्वचा २ टक्के क्लोरहेक्सिडिन आणि ७० टक्के अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसा आणि आपोआप वाळू द्या. पुसून कोरडी केली तर परिणाम अर्धवट राहतो. अल्कोहोल वाळण्याआधी वर कापड झाकलं आणि जवळ विद्युत-उपकरण असेल तर पेट घेण्याचाही धोका असतो.

लिग्नोकेनची कमाल मात्रा किलोला ४.५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या रुग्णाला २७० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं साडेतेरा मि.ली. सगळं त्वचेत रिचवू नका. त्वचेला दोन-तीन मि.ली. पुरतं, उरलेलं प्रोब पाहत पेरिटोनियमच्या (पोटाच्या आतल्या अस्तराच्या) थरावर आणि यकृतात शिरायचं असेल तर त्याच्या कवचावर सोडा. दुखतं ते तिथे, मधली चरबी दुखत नाही. जळजळ कमी करायची तर १ टक्का लिग्नोकेनच्या १० मि.ली.त ८.४ टक्के सोडा-बायकार्बचं १ मि.ली. मिसळावं. ओठांभोवती मुंग्या, तोंडाला धातूची चव, कानात आवाज असं रुग्ण म्हणाला तर इंजेक्शन तत्काळ थांबवा. झटके आले तर २० टक्के लिपिड इमल्शन किलोला १.५ मि.ली. देतात, ते खोलीत कुठे ठेवलंय हे आधी माहीत हवं.

ब्लेडने चार-पाच मिलिमीटरची चीर द्या आणि फोरसेपने चरबी आणि फॅशियापर्यंत (स्नायूवरच्या चिवट पडद्यापर्यंत) उकलून घ्या. चीर लहान राहिली तर नंतर नळी त्वचेवरच अडते, आणि आपण ती आत कुठे अडली असं समजत जोर लावत राहतो.

सुई प्रोबच्या लांबीच्या रेषेतच घाला, म्हणजे टोकापासून मुठीपर्यंत सगळी दिसते. प्रोबच्या अगदी काठाशी न टोचता थोडं अंतर ठेवून टोचलं तर सुई आडवी पडते आणि उजळ दिसते. टोक हरवलं तर? सुई पुढे ढकलू नका. सुई जिथे आहे तिथेच ठेवून प्रोब हलवा, किंचित तिरका करा, गोल फिरवा. तरीही दिसेना तर सुईच्या आतला स्टायलेट आत-बाहेर हलवा, हालचाल दिसते. आपण नवशिक्याचा हात ओळखतो तो यावरूनच: त्याचे दोन्ही हात एकाच वेळी हलतात.

गळवाची भिंत जाणवते. तिथे थोडा दाब द्यावा लागतो आणि मग टच्‌कन आत जातं. भिंत आत दबली गेली, टोक दिसत नाही, असं झालं तर छोटा ठाम झटका. हळूहळू रेटत राहिलं तर भिंत पुढे सरकत जाते. स्टायलेट काढा आणि सिरिंजने पू ओढा. फक्त पाच ते दहा मि.ली., कल्चरपुरता. इथेच सगळ्यात जास्त चूक होते. पू येताना पाहून माणूस ओढतच राहतो, गळू आकसतं आणि वायरला गुंडाळायला जागाच उरत नाही. रिकामं करायचं ते नळी बसल्यावर. नमुना एरोबिक आणि ॲनारोबिक दोन्हीसाठी पाठवा, सिरिंजमधली हवा काढून. कोरड्या स्वॅबवर नको.

काहीच आलं नाही तर पू दाट असेल, किंवा टोक भिंतीत असेल. आधी प्रोबवर टोक शोधा. आतच असेल तर एक-दोन मि.ली. सलाईन सोडून फुगे उठतात का बघा.

वायर सरकवा. मोकळी जायला हवी, आत एक तरी पूर्ण वळसा पडायला हवा. अडली तर जोर लावू नका, सुईचं टोक भिंतीला लागलंय; सुई जरा मागे घ्या. वायर सुईतून मागे ओढताना ती सुईच्या धारेवर चिरू शकते, म्हणून शंका आली तर दोन्ही एकत्र बाहेर काढा. वायर बसली की सुई काढा आणि दुसऱ्या हाताने वायर त्वचेजवळ धरून ठेवा.

डायलेटर वायरच्या रेषेतच ढकलायचा. वायर ज्या कोनात त्वचेत शिरते तोच कोन, थोडं फिरवत. सहाय्यकाने वायर ताणून, जागेवर स्थिर धरायची. डायलेटरबरोबर आत जाऊ द्यायची नाही. कोन चुकला की वायर गळवाच्या भिंतीजवळ दुमडते, आणि दुमडलेल्या वायरवरून टाकलेला डायलेटर आपली वेगळीच वाट करतो, पोटात. पुढे सरकताना अचानक अडकल्यासारखं वाटलं की प्रोब ठेवा. वायर दुमडली असेल तर ती थोडी आत ढकलून दुमड गळवात उतरवा, किंवा बाहेर ओढून दुमड त्वचेच्या बाहेर आणा, मात्र टोक आतच राहायला हवं. मग लहान डायलेटरमधून नवी वायर. डायलेटर फक्त जवळच्या भिंतीतून आत जाईल एवढाच घालायचा. पलीकडच्या भिंतीपर्यंत नेला तर ती फाटते. नळीच्या मापाइतकं डायलेट करा, त्याच्या पुढे नको. सैल वाटेतून पू बाजूने गळतो.

आता नळी कण्यासह वायरवरून. गळवाच्या भिंतीतून आत गेली की कणा स्थिर धरायचा आणि नळी त्याच्यावरून पुढे सरकवायची. कणा शेवटपर्यंत आत नेणं ही दुसरी नेहमीची चूक. ताठ कणा समोरची भिंत टोचतो. नळीवरची बाजूची सगळी छिद्रं गळवाच्या आत गेली पाहिजेत. एक जरी बाहेर राहिलं तर पू पोटात किंवा त्वचेखाली झिरपतो आणि नळी चालू असूनही रुग्ण बिघडत जातो. मग कणा आणि वायर काढा, दोरी ओढा, वेटोळं बसलं की लॉक करा, आणि हलकेच ओढून पाहा: भिंतीला अडकल्यासारखं जाणवलं पाहिजे.

आता सिरिंजने हळूहळू रिकामं करा. पू येणं थांबलं की सलाईन थोडं थोडं सोडून तेवढंच परत घ्या, पण काढलेल्या पुवापेक्षा जास्त कधीही सोडू नका. पोकळी फुगवली की जंतू रक्तात ढकलले जातात आणि तासाभरात थंडी वाजून ताप भरतो. शेवटी प्रोबने पाहा: पोकळी आटली का, दुसरा वेगळा कप्पा राहिला का. राहिला असेल तर त्याला वेगळी नळी लागेल.

मोठं, त्वचेलगतचं गळू असेल तर वायर-डायलेटर न वापरता स्टायलेट घातलेली नळी थेट एका टोचण्यात टाकता येते. झटपट होतं, पण सुधारायची संधी एकदाच मिळते. जिथे चुकायला जागा आहे तिथेच ही पद्धत वापरावी.

टाका घालताना त्वचेत आधी सैल गाठ मारा, मग नळीभोवती गुंडाळून घट्ट करा. त्वचा आवळली तर कुजते, आणि नळी आवळली तर आतली पोकळी बंद होते.

वॉर्डातली नळी

पहिला तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वास. पुढचे दोन तास दर अर्ध्या तासाने. थंडी वाजून ताप आला तर घाबरू नका, पण दुर्लक्षही नको. रक्तदाब घसरला, नाडी चढली, तर ब्लड कल्चर, सलाईन आणि वरिष्ठांना फोन.

नळीतून ताजं लाल रक्त आलं तर नळी काढू नका. ती आतून रक्तवाहिनीवर दाब देत असते. बंद करा, रक्त मागवा, सीटी अँजिओग्राफीची तयारी करा.

नळीतून आतड्यातलं पाणी आलं, किंवा नंतरच्या सीटीवर नळी आतड्यातून गेलेली दिसली, तरीही लगेच उपटायची नाही. ती तिथेच ठेवली तर भोवती वाट पक्की होते आणि दोन-तीन आठवड्यांनी सुरक्षित काढता येते. निर्णय सर्जनसोबत.

रोजचं काम असं. पिशवी कमरेच्या खाली, जमिनीला टेकलेली नको. दर आठ ते बारा तासांनी ५ ते १० मि.ली. निर्जंतुक सलाईन रुग्णाच्या दिशेने सोडायचं, जोराने नाही. बारा तासांत पिशवीत आलेल्या मापातून सोडलेलं सलाईन वजा करून खरा आकडा लिहायचा. ही वजाबाकी कुणी करत नाही आणि मग "अजून ४० येतंय" म्हणून नळी उगाच आठवडाभर राहते. आकड्याबरोबर रंगही लिहा: पिवळा-हिरवा पू, पित्तासारखा हिरवट, मळाचा वास, पाण्यासारखा.

निचरा अचानक थांबला तर सर्वात आधी थ्री-वे बघा. बऱ्याचदा तो चुकीच्या बाजूला फिरवलेला असतो. मग नळी रुग्णाच्या अंगाखाली दुमडलीय का, टाक्याखाली आवळलीय का. मग सलाईन सोडून पाहा. जात नसेल तर बुजली आहे. जोर लावण्याऐवजी वायरवरून बदलून घ्या. सलाईन जातं पण परत काहीच येत नाही, आणि रुग्णाला ताप नाही, तर गळू कदाचित संपलंय. ताप आहे तर नळी निसटली आहे किंवा दुसरा कप्पा शिल्लक आहे: सोनोग्राफी.

नळीच्या बाजूने गळत असेल तर तीन कारणं: नळी आतून बुजली, छिद्र बाहेर आलं, किंवा नळी लहान पडली. वरून ड्रेसिंगचे थर वाढवत राहणं हा उपाय नाही. नळी किती बाहेर आलीय ते कळावं म्हणून पहिल्याच दिवशी त्वचेच्या पातळीवर नळीवर शाईची खूण करून ठेवा.

पू दाट, पडदे पडलेला आणि १४ फ्रेंचनेही येत नसेल तर टिश्यू प्लाझ्मिनोजेन ॲक्टिव्हेटर आत सोडून पडदे विरघळवतात. रक्तस्रावाचा धोका असलेल्या रुग्णात मात्र तो देऊ नये.

रोज ५० मि.ली.पेक्षा जास्त निचरा चार-पाच दिवसांनंतरही चालू असेल तर तो पू नाही, कुठून तरी गळती आहे. द्रव तपासायला पाठवा: पित्त असेल तर बिलिरुबिन, स्वादुपिंडाचा रस असेल तर अमायलेज, मूत्र असेल तर क्रिएटिनिन, तिन्हींची रक्तातल्या आकड्याशी तुलना करून. मग नळीतून कॉन्ट्रास्ट सोडून फ्लुरोस्कोपीखाली (चालत्या एक्स-रेखाली) गळतीची वाट शोधायची. दाब देऊन नाही, गुरुत्वाकर्षणाने उतरेल तेवढंच. गळती मिळाली तर नळीचे दिवस आठवड्यांत मोजायचे.

रुग्णाला घरी पाठवताना रुग्णाच्या किंवा नातेवाइकांच्या हातून एकदा सलाईन सोडून घ्या, नुसतं तोंडी सांगू नका. ताप, निचरा अचानक बंद, ताजं रक्त, नळी बाहेर सरकली: या चार गोष्टींना त्याच दिवशी परत यायचं, हे कागदावर द्या.

काढताना

दोन दिवस लागोपाठ १० मि.ली.पेक्षा कमी, ताप गेलेला, पांढऱ्या पेशी उतरलेल्या, आणि सोनोग्राफीवर पोकळी आटलेली. हे सगळं जुळलं तरच. नुसता निचरा कमी झाला म्हणून काढणं धोक्याचं, कारण बुजलेल्या नळीतूनही निचरा कमीच येतो.

दोरी न सोडता ओढणं ही इथली सर्वात मोठी चूक. वेटोळं घट्ट राहतं आणि भिंत फाडत बाहेर येतं. लॉक सोडा, किंवा हबजवळ (नळीच्या बाहेरच्या टोकाच्या जोडाजवळ) नळी आणि दोरी दोन्ही कापा. कापताना नळी त्वचेजवळ फोरसेपने धरा, नाहीतर तुकडा आत जाऊ शकतो. मग हलक्या हाताने, सरळ रेषेत. अडकली तर ताकद नको: आत वायर किंवा कणा घालून वेटोळं सरळ करा, मग काढा. बाहेर आलेली नळी पूर्ण आहे का, दोरी सोबत आली का, हे पाहूनच ड्रेसिंग करा. एखाद-दोन दिवस थोडं ओलसर राहतं, मग वाट आपोआप मिटते.

वेळेआधीच नळी निसटून पडली तर छिद्रावर निर्जंतुक ड्रेसिंग लावून रुग्णाला तासाभरात रेडिओलॉजीत आणा. नळी दोन-तीन आठवड्यांची जुनी असेल तर भोवतीची वाट पक्की झालेली असते आणि त्याच छिद्रातून वायर घालून नवी नळी बसवता येते. दिवसभर थांबलं तर वाट मिटते आणि सगळं पुन्हा सुईपासून सुरू करावं लागतं. निसटलेली जुनी नळी तीच पुन्हा आत ढकलण्याचा प्रयत्न मात्र कुणीही करू नये.